सावकाश नंबर दाबणाऱ्यांच्या वतीने

प्रति,
घरोघरी फायबर जोडणाऱ्या सर्व कंपन्या,
तसेच भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण

स. न. वि. वि.

गेल्या वर्षीच्या मार्चमधला एक गुरुवार. पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार असतो. कधी पाणी नसतं, कधी वीज नसते, पुण्य जास्त साठलं असेल तर दोन्ही नसतं. त्या दिवशी सकाळी साडेदहाला वीज गेली. मी कामासाठी बाहेर पडले होते आणि घरी सासूबाई एकट्याच होत्या. त्यांचं वय ८६. डोळ्यांना जेमतेम दिसतं, कानाला यंत्र आहे, डोकं मात्र माझ्यापेक्षा जास्त चालतं. रोज अकराच्या सुमाराला त्या सांगलीला, माझ्या नणंदेला फोन करतात. त्याप्रमाणे पॅसेजमधल्या स्टुलावर बसल्या, रिसीव्हर उचलला, कानाला लावला. आवाज नाही. नेहमीचा तो घूं सूर नाही, खरखर नाही, काही नाही. पंखा बंद, फ्रीज बंद, घर चिडीचूप. त्यांनी कानातलं यंत्र काढून त्याचा सेल बदलला. पुन्हा रिसीव्हर लावला. तेच.

मी एक वाजता परत आले तेव्हा त्या स्टुलावरच होत्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, मला आता ठार ऐकू येईनासं झालं बघ." मी म्हटलं, "आई, मी लॅच उघडल्याचं कळलं ना तुम्हाला?" त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "हो की."

नंतर आम्ही दोघी पुष्कळ हसलो. पण दोन तास त्या आपण बहिऱ्या झालो असं समजून एकट्या बसून होत्या, आणि तसं वाटायला त्यांच्यापाशी कारणही पक्कं होतं. वीज गेली म्हणून फोन गेला, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. फोन बंद पडायचा तो पावसानं, रस्त्याच्या खोदाईनं, नाहीतर बिल भरायचं राहिलं म्हणून. त्याचा विजेशी काही संबंध असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. फायबर, म्हणजे तांब्याच्या तारेऐवजी काचेची तार, घेतल्याचा आमच्या घरातला तो नववा दिवस होता.

आधी एक गैरसमज दूर करते. तांब्याच्या तारेसाठी टिपं गाळायला मी हे पत्र लिहीत नाही. माझ्या सासऱ्यांनी फोनसाठी अर्ज केला १९७६ साली आणि फोन घरात आला १९८३ साली. मधल्या सात वर्षांत माझ्या नणंदेचं लग्न ठरलं, झालं, तिला मुलगा झाला, तो बालवाडीत गेला. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनमध्ये तळणीसारखा आवाज यायचा. क्रॉस कनेक्शन झालं की शेजारच्या गल्लीतलं भांडण फुकटात ऐकायला मिळायचं. आणि शेवटच्या वर्षी तर आमची लाइन सलग २३ दिवस बंद होती. तक्रार केली की तक्रार क्रमांक मिळायचा, बाकी काही नाही. म्हणून तर आम्ही फायबर घेतलं. काच गंजत नाही, तिच्यात पाणी शिरून खरखर होत नाही, वीज कडाडली की तारेतून झटका घरात येऊन मोडेम जळत नाही. नातवाचं शिक्षण आणि मुलाचं घरून काम तिच्यावर चालतं. उत्तम वस्तू आहे. माझं भांडण काचेशी नाही. ती बसवताना आपण काय सांगत नाही, याच्याशी आहे.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे थोडं फळ्याजवळ जाण्याची परवानगी असावी. जुन्या फोनच्या दोन तारांमधून नुसता आवाज येत नव्हता, वीजही येत होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीनं जोडलेले असत, म्हणजे ४८ व्होल्ट. वीज गेली तरी एक्स्चेंजच्या बॅटऱ्या चालू असत, त्या उतरायच्या आत जनरेटर सुरू होई. त्याच ४८ व्होल्टवर आमचा फोन जगायचा. घंटा वाजवायची झाली की एक्स्चेंजकडून त्याच तारांवरून ७५-८० व्होल्टचा वेगळा, एका सेकंदाला २५ वेळा दिशा बदलणारा प्रवाह यायचा. थोडक्यात, फोन आमच्या घरात होता पण त्याचं स्वयंपाकघर एक्स्चेंजमध्ये होतं. रोज डबा तिकडून यायचा.

काचेतून प्रकाश येतो. प्रकाशावर घंटा वाजत नाही. म्हणून भिंतीवर तुमचा तो पांढरा डबा लागतो, ज्याला तुमची माणसं ओएनटी म्हणतात. प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर तो करतो, फोनला लागणारा दाब आणि घंटेचा प्रवाहही तोच तयार करतो. ही गंमतच आहे: पूर्वी अख्ख्या एक्स्चेंजनं करायचं काम आता आमच्या टीव्हीखाली बसलेला वहीएवढा डबा करतो. पण या डब्याला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि तो अडॅप्टर आमच्या घरच्या सॉकेटात असतो. स्वयंपाकघर आमच्या घरात आलं, तेव्हा गॅसही आमचा झाला. एवढं एकच वाक्य जोडणीच्या दिवशी सांगायला हवं होतं. मी अर्ज पुन्हा काढून वाचला, माहितीपत्रक वाचलं, पहिलं बिल मागून-पुढून वाचलं. स्पीड किती, डेटा किती, कुठले ओटीटी फुकट, सगळं होतं. वीज गेली की फोन बंद पडेल, ही ओळ कुठेही नव्हती.

जोडणी करायला आलेला मुलगा गुणी होता. काचेची तार त्यानं इतक्या नाजूकपणे जोडली की बघत राहावं. लाल प्रकाशाचं पेन लावून तपासलं, मीटरवर सिग्नल पाहिला, माझ्या मोबाइलमध्ये पासवर्ड टाकून दिला. मी विचारलं, "आणि फोन?" तो म्हणाला, "मॅडम, ॲप घ्या ना, मोबाइलवरच येईल लँडलाइन." मी म्हटलं, सासूबाईंना मोबाइल चालत नाही. त्यानं पॅसेजमधल्या फोनकडे असं पाहिलं, जसं आपण कोणाच्या घरी पाटा-वरवंटा पाहिला की पाहतो. त्याच्या पिशवीत फोनची साधी वायरसुद्धा नव्हती. डब्याच्या मागे मात्र फोनचं पोर्ट होतं, नेटच्या पोर्टांपेक्षा लहान तोंडाचं, वर स्टिकर चिकटवून झाकलेलं. म्हणजे सोय आपण दिलीत आणि तिच्यावर स्टिकर लावलात. बिलात त्या फोनचा वेगळा नंबर आहे, "अमर्याद कॉल" असं छापलंय. मग तो फोन जोडून देणं हे कोणाचं काम?

ते काम शेवटी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त लाइनमन काकांनी केलं. सहकारनगरात आमची इमारत जुनी, तीन मजली. भिंतीतून फोनची वायरिंग आधीपासून आहे आणि पॅसेजमध्ये रोझेट बॉक्स, म्हणजे फोनच्या तारा जोडायची भिंतीवरची डबी, आहे. डबा हॉलमध्ये आणि फोन पॅसेजमध्ये, मध्ये ११ मीटर अंतर. काकांनी रोझेट उघडून पहिल्यांदा बाहेरून आलेली जुनी पेअर, म्हणजे तारांची जोडी, सोडवली. म्हणाले, "ताई, हे कधी विसरायचं नाही. बाहेरच्या तारेवर एखादे वेळी अजून ४८ व्होल्ट असतात. डब्याचेही येणार. दोन्हीकडून आले की डब्याचं पोर्ट गेलंच समजा." मग डब्यापासून भिंतीतल्याच वायरीवर जोड दिला आणि फोन आपल्या जुन्या स्टुलाशेजारी, जुन्या जागेवर वाजू लागला. वीस मिनिटांचं काम. चहासुद्धा नंतर घेतला.

जागेवर वाजू लागला, हे मी मुद्दाम लिहिते. वायर असलेल्या फोनचा खरा गुण वायर हाच आहे. तो उशीखाली जात नाही, सोफ्याच्या फटीत जात नाही, नातवाच्या खोलीत जात नाही, त्याची बॅटरी संपत नाही. ज्याला दिसत नाही त्याला हात लांब केला की तो तिथेच सापडतो. रात्री अंधारात सापडतो. कॉर्डलेस घ्या, असं मला तिघांनी सुचवलं. त्याच्या बेसला स्वतःचा वेगळा अडॅप्टर लागतो. म्हणजे वीज गेली की एका ऐवजी दोन गोष्टी बंद. मोबाइलचं म्हणाल तर टचस्क्रीनला सासूबाईंच्या कोरड्या, थरथरत्या बोटांचा स्पर्श अर्ध्या वेळा कळतच नाही आणि उरलेल्या अर्ध्या वेळा नको तिथे कळतो. गेल्या दिवाळीत त्यांनी गावातल्या एका भटजींना व्हिडिओ कॉल लावला होता. भटजी आंघोळीला निघाले होते. त्यानंतर सासूबाईंनी मोबाइलला हात लावलेला नाही.

आता मी ज्यासाठी खरी लिहायला बसले तो मुद्दा. विजेचं एकदा कळलं की उपाय करता येतो. पण फोन चालू असून लागत नाही, हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले.

सासूबाई नंबर असा दाबतात: उजव्या हाताची तर्जनी मधोमध फिरवून पाचच्या बटणावरचा बारीक उंचवटा शोधायचा. तिथून मोजायचं. वर दोन, खाली आठ, आणखी खाली शून्य. एक आकडा दाबला की पुन्हा पाचवर यायचं. नणंदेचा नंबर मोबाइलचा, म्हणजे आधी शून्य लावून अकरा आकडे. (हे शून्य १५ जानेवारी २०२१ पासून आलं. मोबाइलसाठी जास्त नंबर मोकळे व्हावेत म्हणून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. त्या आठवड्यात आम्ही दोघींनी त्यांच्या वहीतल्या प्रत्येक मोबाइल नंबरापुढे जाड स्केचपेननं शून्य काढलं.) चौथ्या-पाचव्या आकड्याला त्या थोडं थांबतात, कारण तिथे तोच आकडा दोनदा आहे आणि एकदा दाबला की दोनदा, याची त्या मनाशी खात्री करतात. जुनं एक्स्चेंज तेवढं थांबायचं. नव्या जोडणीवर मात्र त्या सहाव्या आकड्याशी पोहोचायच्या आत एक बाई तीन भाषांत सांगायची की आपण डायल केलेला नंबर चुकीचा आहे.

त्यांनी पुन्हा लावायचा. पुन्हा चुकीचा. मी लावून दिला की लागायचा. साहजिकच निष्कर्ष काय निघाला? आई चुका करायला लागल्या. मुलगा म्हणाला, वयाचं आहे, आजीचं विसरणं वाढलंय. मीही, खोटं कशाला बोलू, तसंच समजले. त्या स्वतःही. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "मी कालपण असंच काही चुकले का गं? स्वयंपाकघरात वगैरे?" ८६ वर्षांच्या माणसानं असा प्रश्न विचारला की त्याच्या मागे किती रात्रींचा विचार असतो, ते घरात म्हातारं माणूस असलेल्यालाच कळेल.

तुमच्या मदत केंद्राला मी सहा वेळा फोन केला. सहाही वेळा मला डबा बंद करून चालू करायला सांगितलं. सहाव्या वेळी मी म्हटलं, अहो, डबा ताजातवाना आहे, माझ्या सासूबाई थकल्यात. शेवटी प्रत्यक्ष घरी आलेल्या एका तंत्रज्ञानं पाच मिनिटं सासूबाईंना नंबर लावताना नुसतं पाहिलं. मध्ये बोलला नाही. मग म्हणाला, "आजी बरोबर दाबतायत. डबाच घाई करतोय."

झालं होतं ते असं. जुन्या लाइनवर दाबलेला प्रत्येक आकडा थेट एक्स्चेंजला कळायचा. फायबरच्या फोनला आकडे गोळा करतो तो घरातला डबा. नंबर पूर्ण झाला की नाही हे तो दोन प्रकारे ठरवतो. एक, त्याच्यात भरलेल्या डायल प्लॅनवरून, म्हणजे कुठल्या आकड्यानं सुरू होणारा नंबर किती आकडी असतो त्या यादीवरून. आणि दोन, वेळेवरून: ठरावीक सेकंदांत पुढचा आकडा आला नाही की तो समजतो, माणसाचं दाबून झालं, आणि जमा झालेले आकडे पुढे पाठवून देतो. आमच्या डब्यात ती वेळ चार सेकंदांची होती. त्या तंत्रज्ञानं फोनवरून ऑफिसात कोणाला तरी सांगितलं आणि तिकडून ती बारा सेकंद करून घेतली. डबा हलवला नाही, वायर बदलली नाही, एक रुपया खर्च नाही. जाताना त्यानं मला आणखी एक युक्ती सांगितली: नंबर दाबून झाला की हॅशचं बटण दाबा, मग डबा वाट न पाहता लगेच लावतो. ती तरुणांसाठी. सासूबाईंना बारा सेकंद पुरले. त्या दिवशी त्यांनी सांगलीला फोन लावला आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? "मी चुकत नव्हते गं."

तर कंपन्यांना माझा प्रश्न असा आहे. हे चार सेकंद कोणी ठरवले? ज्यानं ठरवले त्यानं स्वतःच्या आजीला कधी नंबर दाबताना पाहिलंय का? ही वेळ तुमच्याच ऑफिसातून वाढते, तर ती मुळातच दहा-बारा सेकंद का ठेवत नाही? ज्यांना घाई आहे त्यांच्याकडे मोबाइल आहे. आजच्या काळात वायरीचा फोन कोण वापरतं, हा प्रश्न आपण मनात विचारतच असाल. त्याचं उत्तर असं की तो बहुतांशी सावकाश माणसंच वापरतात. मग त्याची वेळ भरभर माणसांच्या मापानं का?

काकांच्या सांगण्यावरून आम्ही एक उद्योगही करून पाहिला. सासऱ्यांच्या वेळचा काळा, जड, डायल फिरवायचा फोन माळ्यावर होता. तो जोडला. डायलटोन आला! बाहेरून फोन केला तर घंटाही वाजली, जरा दमल्यासारखी, पण खरी पितळी घंटा. बोलणंही स्वच्छ ऐकू आलं. नंबर मात्र फिरवता येईना. तो फोन सूर पाठवत नाही, तार तोडून-जोडून आकडा सांगतो: तीन म्हटलं की तीन झटके, शून्य म्हटलं की दहा. आमच्या डब्याला ही भाषा येत नाही. काही डब्यांना येते म्हणतात. ती शिकवा, असा आग्रह मी धरणार नाही. नुसता येणाऱ्या फोनसाठी तो काळा फोन आता हॉलमध्ये दुसरा म्हणून ठेवलाय. ज्यांच्या घरी असा आहे त्यांनी टाकून देऊ नये. आणि जुन्या बटणांच्या फोनवर खाली किंवा बाजूला टोन आणि पल्स असं लिहिलेलं बारीक बटण असतं, ते टोनवर आहे ना हे बघावं. आमच्या शेजाऱ्यांचा फोन महिनाभर केवळ तेवढ्यासाठी मुका होता.

विजेचा उपाय आम्ही स्वतःच केला. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस आणला, बाराशे रुपये. चौथ्या दुकानात मिळाला, पहिल्या तिघांनी मला मोठा इन्व्हर्टर विकायचा प्रयत्न केला. वास्तविक घरात इन्व्हर्टर आहे. पण त्याच्या लाइनवर दिवे आणि पंखे आहेत, टीव्हीजवळचं सॉकेट नाही, आणि डबा लागला तो तिथेच. तुमच्या मुलानं डबा लावण्याआधी "इन्व्हर्टर आहे का, कुठल्या सॉकेटला आहे?" एवढं विचारलं असतं तर बाराशे रुपये आणि एक गुरुवार वाचला असता. आमचा डबा साधारण दहा वॅट खातो. छोट्या यूपीएसवर तो मोजून साडेतीन तास चालला. गुरुवार सहा तासांचा असतो. उरलेल्या अडीच तासांत सासूबाई झोपतात, असं सध्या ठरलंय.

आणि एवढं करूनही सगळीकडे ते चालेल असं नाही, हेही मला काकांकडून कळलं. जिथे एक्स्चेंजपासून घरापर्यंत नुसती काच आहे, मध्ये प्रकाश वाटून देणारे बिनविजेचे स्प्लिटर आहेत, तिथे दोन टोकांना वीज असली की पुरतं. पण काही ठिकाणी केबलवाल्यांचं जाळं मध्येच एखाद्या जिन्यात किंवा गच्चीवर विजेवर चालणाऱ्या स्विचमधून जातं. त्या जिन्यातली वीज गेली की तुमच्या घरातला यूपीएस जागरण करत बसतो आणि फोन बंदच. आमच्याकडे पहिला प्रकार आहे, हे मला कंपनीनं सांगितलं नाही. मी गल्लीची वीज गेल्यावर फोन उचलून पाहिला. ग्राहकानं हे असं शोधून काढायचं असतं का?

प्राधिकरणाला इथे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ब्रिटनमध्ये तांब्याच्या फोनचं जाळं डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. गळ्यातल्या धोक्याच्या बटणावर जगणाऱ्या वृद्धांचा प्रश्न पुढे आला आणि ही मुदत जानेवारी २०२७ वर गेली. तिथल्या नियामकानं कंपन्यांना सांगितलंय की जो ग्राहक लँडलाइनवरच अवलंबून आहे त्याला वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन फोन करता येईल असा उपाय विनामूल्य द्या. अमेरिकेत २०१५ च्या नियमानं कंपन्यांना दोन गोष्टी बंधनकारक झाल्या: वीज गेली की फोन जाईल हे ग्राहकाला सांगायचं, आणि आठ तासांची बॅटरी विकत घेण्याचा पर्याय द्यायचा, पुढे तो चोवीस तासांपर्यंत वाढवला. हा नियम सप्टेंबर २०२५ पर्यंत होता. यात फार मोठं विज्ञान नाही. ब्रिटनचा एक तास तर आमच्या गुरुवारला पुरायचाही नाही. पण तिथे कोणीतरी बसून विचार केला की वीज गेल्यावर म्हातारी बाई ११२ कशी लावेल. आपल्याकडे तो विचार कागदावर यावा. विक्रीच्या अर्जावर मराठीत, ग्राहकाच्या सहीच्या लगेच वर, ठळक अक्षरांत एक ओळ: वीज नसताना हा फोन चालणार नाही, बॅटरी हवी आहे का? हो किंवा नाही. ज्या घरात ७५ वर्षांवरचं माणूस एकटं राहतं तिथे ती बॅटरी जोडणीतच यावी.

दुसरी गोष्ट नंबराची. मोबाइलचा नंबर जानेवारी २०११ पासून देशभरात कंपनी बदलूनही ठेवता येतो. घरच्या फोनला ही सोय नाही. आमची जुनी लाइन मेली, आम्ही कंपनी बदलली आणि नंबर गेला. १९८३ साली तो आला तेव्हा लहान होता. शहराबरोबर आकड्यांनी वाढत गेला, मग सगळ्या पुण्याबरोबर त्याच्याही पुढे २ लागला, बाहेरगावच्या माणसांना ०२१२ ऐवजी ०२० लावावं लागू लागलं. सासऱ्यांच्या निधनाची बातमी त्याच नंबरावरून गेली, माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाचीही. सासूबाईंच्या मैत्रिणींपैकी चौघी अजून आहेत. त्यांना हा एकच नंबर पाठ आहे. नवा सांगितला तर लिहून घेतात आणि कागद हरवतात. त्या जुना लावतात आणि त्यांना ऐकू येतं, हा क्रमांक अस्तित्वात नाही. एकीनं तर घाबरून आमच्या दुसऱ्या नातेवाइकांकडे चौकशी केली, त्या आहेत ना म्हणून. मोबाइलवाल्यांचा नंबर त्यांचा स्वतःचा, आणि चाळीस वर्षं बिल भरणाऱ्यांचा कंपनीचा, हा न्याय काही पटत नाही. फायबरच्या फोनचा नंबर आता गल्लीतल्या खांबाशी बांधलेला नाही, तो कुठल्याही यंत्रात नोंदवता येतो. तांब्याच्या काळात अडचण होती असं म्हणता येईल. आता तेही म्हणता येणार नाही.

जोडणीला येणाऱ्या मुलांच्या पिशवीत फोनची एक दहा-बारा मीटरची वायर ठेवा. त्यांना रोझेट उघडून जुनी पेअर सोडवायला शिकवा. सोसायटीच्या इंटरकॉमची वायर आणि फोनची वायर यांतला फरक शिकवा, कारण आमच्या वरच्या मजल्यावर तुमच्या माणसानं फोन इंटरकॉमला जोडला आणि ते कुटुंब आठवडाभर वॉचमनशी बोलत होतं. पोर्टावरचं स्टिकर काढा. आणि तुमच्यापैकी जे कोणी ती सेकंदांची वेळ ठरवतात त्यांना एकदा आमच्याकडे पाठवा. अकरा वाजता यावं, सासूबाई तेव्हा सांगलीला फोन लावतात. गुरुवार सोडून.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक ग्राहक
सहकारनगर, पुणे

ता. क. : जुन्या तांब्याच्या जोडीचं टोक अजून आमच्या बाल्कनीसमोर लोंबतंय. ज्या कंपनीचं असेल तिनं घेऊन जावं. येताना शिडी आणावी. आमची मिळणार नाही.